चिसोमोचे दोन मामा

पनवेलला परत येऊन, दवाखाना पुन्हा उघडून बरेच दिवस झाले. लस द्यायला मुलं घेऊन येणाऱ्या आया अजून विचारतात, "मॅडम, आफ्रिका कशी होती?" मला नीट उत्तर देता येत नाही. मी आफ्रिका पाहिलीच नाही. मलावी नावाच्या छोट्या देशात, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी एक रुग्णालय आहे, त्यातला मुलांचा वॉर्ड पाहिला. तेवढ्याबद्दलच लिहिते.

माझे पती सुधाकर पोटाच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर मी दवाखाना चालवत होते, पण भेटायला येणाऱ्यांना आणि तपासून घ्यायला येणाऱ्यांना वेगळं करता येईना. अशात कॉलेजच्या एका मैत्रिणीचा फोन आला. मलावीतल्या त्या रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ काही महिने रजेवर जाणार होते आणि बदली डॉक्टर मिळत नव्हता. मी त्याच फोनवर हो म्हटलं.

ही गोष्ट कळताच माझा मोठा भाऊ, हिरामणदादा, माहेरून, गव्हाणहून, गाडी घेऊन आला. आमचं घराणं मिठागरवाल्यांचं. दादा नववीनंतर मिठागरावर गेला आणि मला शिकवलं, त्यामुळे माझ्यावर रागवायचा त्याचा हक्क मी कधी नाकारलेला नाही.

"भावजीचा वर्स व्हायचाय अजून," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "आनि तू चाललीस परदेशी. लोका काय बोलतील?"

"वर्षश्राद्धाच्या आधी येते, दादा. तिकीट तसंच काढलंय."

"येशील तवा खरा."

चहा न घेता तो निघून गेला. जायच्या दिवशी मात्र सामान उचलायला तोच हजर होता. 

डोंगर आणि धुकं

मुलांजेचा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा रांगेत उभा नाही. सपाट माळावर चहाचे मळे पसरलेले आणि त्यातून तो एकदम एकटा वर आलेला. पहिल्या सकाळी मला कर्नाळ्याच्या सुळक्याची आठवण झाली, पण कर्नाळा याच्या एखाद्या खांद्यावर मावला असता.

मी जून महिन्यात पोचले. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने एकही स्वेटर नेला नव्हता. तिथे जूनमध्ये थंडी असते आणि डोंगरावरून बारीक पाऊस-धुकं उतरतं, त्याला चिपेरोनी म्हणतात. ते दिवसदिवस हटत नाही. पहिले दिवस मी दोन पंजाबी ड्रेस एकावर एक घालून राउंड घेतला. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर तमांदा यांनी ते दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी एक चितेंजे आणून माझ्या खांद्यावर टाकलं. चितेंजे म्हणजे तिथल्या बायकांचं छापील सुती कापड. नेसायचं, पांघरायचं, त्यात मूल पाठीवर बांधायचं.

"भारतात थंडी नसते का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी राहते तिथे फारशी नसते."

"मग तुम्हाला इथे पाठवण्याआधी कोणी काही शिकवलं नाही?"

पुढे अनेक गोष्टींच्या बाबतीत हा प्रश्न त्यांनी मला विचारला.

वॉर्ड

खाटा कमी, मुलं जास्त. एका खाटेवर दोन मुलं आणि खाली चटईवर त्यांच्या आया. सकाळी आया मिळून गाणं म्हणत, मग चटया गुंडाळून वॉर्ड झाडून काढत आणि त्यानंतरच आमचा राउंड सुरू होई. आपल्याकडे राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथे आईशिवाय वॉर्ड चालतच नाही. नळीतून दूध भरवणं, तापलेलं अंग पुसणं, शेजारच्या मुलाकडे लक्ष ठेवणं सगळं त्याच करतात. मलेरियाने झटके येणारी मुलं, सुजलेल्या पायांची कुपोषित मुलं, न्युमोनिया. एकच ऑक्सिजनचं यंत्र आणि त्याच्या नळीला फाटे फोडून तीन-चार नाकांपर्यंत पोचवलेला प्राणवायू. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही सगळे त्या नाकांकडे पाहत उभे.

मुलं गेलीही. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की मूल गेलं की वॉर्डातल्या बाकीच्या आया हातातलं काम टाकून त्या आईजवळ जमिनीवर बसत. समजूत घालत नसत. नुसत्या बसत. मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं, कारण माझ्या घरी महिनोन्महिने लोक फक्त बोलून गेले होते.

जेवण रुग्णालयामागच्या पडवीत. मक्याच्या पिठाची न्सिमा, म्हणजे आपली भाकरीची उकड घट्ट शिजवून ताटात थापावी तशी. हात धुवायचे, उजव्या हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी किंवा सुकी मासळी घ्यायची. ती तळ्यातली बारीक मासळी, उसिपा, पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हा वासानेच मला गव्हाणच्या घरातली चूल दिसली. सुकटीची सख्खी बहीण. मी मागून घेतली तेव्हा तमांदांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "आमच्या शहरात दुकानं असलेले भारतीय तर हिला नाक मुरडतात."

"मी दुकानवाल्यांतली नाही. आम्ही खाडीकाठची माणसं."

"तरी स्वेटर आणला नाही," त्या म्हणाल्या.

जावयाची सही

चिसोमो सहा वर्षांचा. त्याच्या जबड्याची उजवी बाजू लिंबाएवढी सुजून आली आणि पंधरवड्यात संत्र्याएवढी झाली. दात हलायला लागले, डोळा वर ढकलला गेला. मुलांच्या जबड्यात होणारा हा एक कर्करोग आपल्याकडे क्वचित दिसतो, तिथे नेहमीचा आहे. तो फार वेगाने वाढतो, पण साध्या, जुन्या औषधाला तितक्याच वेगाने विरघळतो. तपासणी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झाली. औषध त्यांनी पाठवलं आणि त्यांना विचारून विचारून द्यायचं आम्ही ठरवलं. ठरावीक अंतराने चार डोस. चारही झाले तर मूल बरं होण्याची शक्यता पुष्कळ. मधेच सोडलं तर आजार परत येतो आणि मग तो ऐकत नाही.

मी चिसोमोच्या वडिलांना बोलावलं. त्यांना चित्र काढून दाखवलं, चार डोस म्हणजे काय ते रजेवर गेलेल्या तमांदांच्या मदतनीस नर्सकरवी तीनदा समजावलं. भला माणूस. सगळ्याला मान हलवली आणि सही केली. आई एनेलेस शेजारी गप्प बसून होती. मला समाधान वाटलं की काम नीट झालं.

पहिल्या डोसनंतर सूज इतकी झपाट्याने उतरली की इतर आया खाटेपाशी येऊन पाहून जात. दुसरा डोस झाला. मग चिसोमोचे केस हातात यायला लागले. एका सकाळी राउंडला गेले तर त्याची खाट रिकामी आणि खालची चटईही नाही. तिसरा डोस चार दिवसांवर होता.

तमांदा आदल्याच दिवशी रजेवरून परतल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुम्ही बोललात कोणाशी?"

"वडिलांशी. सही आहे त्यांची."

त्यांनी डोळे मिटले. "डॉक्टर, तो तर जावई आहे."

मग त्यांनी समजावलं. या भागात लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. मूल आईच्या घराचं. मुलाबद्दलचा मोठा निर्णय आईचा भाऊ घेतो. मालुमे, म्हणजे मामा. घरातल्या सगळ्या बहिणींच्या वतीने तोच बोलतो, असं बोलणाऱ्याला न्खोस्वे म्हणतात. लग्न, तंटा, आजारपण, मयत, काहीही असो. त्याला न विचारता मुलाच्या अंगात विष घातलं, वर केस गेले. तिथे डोक्यावरचे केस काढणं ही सुतकाची खूण. जिवंत पोराचं डोकं सुतकी दिसायला लागलं म्हटल्यावर मामाने निरोप धाडला, की पोराला घरी आणा, सूज गेलीच आहे.

"तुम्ही घरजावयाची सही घेतलीत आणि खूश झालात," तमांदा म्हणाल्या.

गंमत अशी की हे सगळं कळायला मला अवघड नव्हतं. आमच्यातही जावळाला मामाची मांडी लागते, मांडवात मुलीला मामा आणतो. पण आमचा मामा मान घेतो आणि निर्णय आजोबा घेतात, सासरे घेतात. मी आयुष्यभर बापाकडच्या माणसाला खुर्ची देत आले, तशीच तिथेही दिली.

मी म्हटलं, "गावाला जाऊ."

"आज?"

"चार दिवसच आहेत."

आंब्याखाली

रुग्णालयाची गाडी चहाच्या मळ्यांतून, मग तुरीच्या आणि कापणी झालेल्या मक्याच्या शेतांतून गेली. शेवटचा भाग चालत. माझी चप्पल चिखलात तुटली आणि अनवाणीच मी मामापुढे जाऊन पोचले. पुढे तमांदांनी सांगितलं की त्या अनवाणी पायांनी माझ्या बाजूने थोडं काम केलं.

मामाचं नाव विल्सन. चाळिशीचा, सायकली दुरुस्त करणारा, हाताला ग्रीस. तो आंब्याखाली ठेंगण्या स्टुलावर बसला होता. आम्हाला चटई दिली. एनेलेस दाराशी बसली होती, तिच्या पाठीला चितेंजेत बांधलेला चिसोमो माझ्याकडे पाहून हसला. चेहरा जवळपास सरळ झाला होता. तीच तर अडचण होती.

आधी हातांची ओंजळ करून मंद टाळ्या, मग प्रकृतीची, पावसाची, मक्याची विचारपूस. घाई करायची नाही एवढं मला तोवर कळलं होतं. मग मी बोलले, तमांदांनी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिच्या वतीने कोण बोलतंय?"

"मी स्वतःच बोलतेय," मी म्हटलं.

तमांदांनी हे सांगायचंच टाळलं. "असं नसतं बोलायचं," त्या मला हळूच म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या गोष्टीत स्वतःसाठी स्वतः बोलणारी बाई म्हणजे जिच्या मागे कोणी नाही अशी. तिचा शब्द मोडला तर तो भरून कोण देणार?"

"तुम्ही बोला ना माझ्या वतीने."

"मी इथली नर्स. तुमची बहीणही नाही, भाऊही नाही."

विल्सन म्हणाला, "तिला भाऊ नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "गव्हाणला."

"मग त्याला विचारा."

तो थट्टा करत नव्हता. गावात मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी मिळायची, वस्तीमागच्या, माणसापेक्षा उंच असलेल्या वारुळावर. आम्ही सगळे तिकडे गेलो, मागोमाग अर्धं गाव. मी अनवाणी वारुळावर चढले आणि दादाला फोन लावला. तिकडे दुपार झालेली होती.

"बोल गो बाय. जेवतंय मी."

"दादा, इथे एका मुलाचा मामा आहे. त्याला तुझ्याशी बोलायचंय."

"माझ्याशी? का, काय केलास तू?"

मी थोडक्यात सांगितलं.  मग दादा म्हणाला, "थांब. हात धुऊन येतो."

मी स्पीकर लावला. दादा परत आला तेव्हा त्याचा आवाज पंचायतीत बसल्यासारखा झाला होता. "इचार त्याला काय इचारायचाय."

विल्सन बोलला की तमांदा मला इंग्रजीत सांगत, मी दादाला मराठीत, आणि उत्तर त्याच वाटेने परत जाई.

"ही बाई तुमची बहीण?"

"हाय. पाठची."

"ती माझ्या बहिणीच्या मुलाला औषध देतेय. केस गेले."

"जातात," दादा म्हणाला. "माझ्या भावजीचं पन गेलते. मीच बसायचो त्यांच्यापाशी, ती बाटली चढवायचे तवा. मंग परत आलते केस."

विल्सनने मान डोलावली. मग त्याने सरळच विचारलं, "आता ते बरे आहेत?"

हा प्रश्न मी मराठीत केला.  

"बाय," दादा म्हणाला, "खरा सांगू ना?"

"सांग."

"गेलं ते. वर्स व्हायला आला."

आता हे इंग्रजीत सांगणं माझ्याकडे आलं. गाळणं सोपं होतं. मी तमांदांकडे पाहून म्हटलं, "नाही. ते वारले." माझा नवरा वारला, असंही जोडलं, कारण तोवर मी तिथे कोणालाच ते सांगितलं नव्हतं. तमांदांनी माझा दंड धरला आणि खाली उभ्या लोकांना सांगितलं. बायकांमधून एक दबका हुंकार आला. एनेलेसने चिसोमोला पाठीवरून पुढे घेतलं. मला वाटलं, संपलं.

दादा थांबला नव्हता. "त्याला पुढचा पन सांग. माझ्या भावजीला हिनीच सांगितला व्हता, का हे बरा होनार नाय. सगला घर तिच्यावर चिडला. मी पन चिडलो. बोललो, डाक्टर हायस का कोन हायस. पन ती बोलली तसाच झाला. ही गोड बोलत नाय. आता ती या पोराला बोलतेय ना, होल बरा? मंग मी तिच्या मागं उभा हाय. सांग त्याला."

मी सांगितलं. त्यात एक दुरुस्तीही केली. 'होईल' असं नाही, 'होण्याची शक्यता पुष्कळ, चारही डोस झाले तर'. तमांदा वैतागून म्हणाल्या, "आत्ता नको ना हे." पण त्यांनी तेही सांगितलं.

 विल्सनने शेवटचा प्रश्न केला. "आणि मूल गेलं, तर तुम्ही याल का मातीला?"

वतीने बोलणाऱ्याचं ते कर्तव्यच असतं, हे मला नंतर कळलं. दादाला कोणी ते सांगायची गरज पडली नाही.

"येईन. नवा इमानतल काय, आता दारातच हाय आमच्या."

विल्सनने ओंजळीने टाळ्या वाजवल्या. मी दादाला म्हटलं, त्याने हो म्हटलंय.

"मंग ठेव. जेवन गार झाला."

शेवटचा डोस

तिसऱ्या डोसला विल्सनने चिसोमोला स्वतः सायकलवर बसवून आणलं. पण त्याला खोकला-ताप होता, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, म्हणून डोस पुढे ढकलावा लागला. तिसरा लांबला तसा चौथाही. हिशेब केला तर चौथा डोस वर्षश्राद्धानंतर येत होता आणि माझं विमान त्याच्या आधी. रजेवरचे डॉक्टरही उशिरा परतणार होते. मी निघाले तर डोस देणार कोण, याला उत्तर नव्हतं.

मी ठरवलं होतं ते दादाला सांगायला फोन केला. वाद होईल म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती.

"दादा, तिकीट पुढे ढकलते. वर्षश्राद्धाला मी नसेन."

"ढकल," तो म्हणाला. "त्या मामाला शब्द मी दिलाय. तू अर्ध्यावर आलीस तर मी काय तोंड दाखवू? भावजीचा मी आनि आदित्य बघतो."

आदित्य माझा मुलगा. पुण्याला शिकतो. वडिलांच्या पिंडाला तो आणि माझा भाऊ बसणार हे ऐकून जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

श्राद्धाच्या दिवशी मी नेहमीसारखा राउंड घेतला. दादा एव्हाना विधीला बसला असेल, असा हिशेब मनात चालू होता. राउंड संपवून मी वॉर्डाच्या ओट्यावर टेकले. तमांदांनी कोणाला काय सांगितलं होतं मला माहीत नाही. फाटकातून विल्सन सायकल ढकलत आला, चिसोमोला भेटायचा तो दिवस नव्हता. सायकल भिंतीला लावून तो माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसला. काही वेळाने एनेलेस आली. मग न्युमोनियाच्या खाटेजवळची आजी, मग ज्यांची मुलं झोपली होती त्या एकेक आया. तमांदा सगळ्यांत शेवटी आल्या आणि पाय लांब करून बसल्या.

मी तमांदांना म्हटलं, त्यांना सांगा, बसायची गरज नाही, कामं पडलीत.

विल्सनने उत्तर दिलं आणि तमांदांनी मला सांगितलं. "तो म्हणतो, तुझा भाऊ तिथे बसलाय. इथे त्याची जागा रिकामी आहे."

 डोंगरावरून चिपेरोनी उतरत होतं. वर्षभरात पहिल्यांदा मी माणसांच्या घोळक्यात सुधाकरसाठी रडले, आणि कोणी मला पाणी दिलं नाही की गप्प केलं नाही. मग आतून एका मुलाचं सलाईन संपल्याची हाक आली. मी उठले, त्याही उठल्या.

दोन दिवसांनी चिसोमोला चौथा डोस दिला. शीर सापडायला त्रास झाला. विल्सनने त्याचा हात धरून ठेवला आणि त्याला सायकलच्या साखळीबद्दल काहीतरी सांगत राहिला. औषध संपलं, सुई काढली, कापूस दाबला. जबडा चाचपून पाहिला. काही लागत नव्हतं. पुढच्या तपासण्या आहेत, त्या शहरात होतील, आणि मी हे लिहितेय तोवर झालेली तपासणी स्वच्छ आली आहे. त्यापलीकडचं मी तिथे सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

विल्सनने माझ्या फोनकडे बोट केलं. रुग्णालयात रेंज चांगली होती. मी दादाला लावला आणि स्पीकर चालू केला. विल्सन एकच वाक्य बोलला. ते इंग्रजीत आणि मग मराठीत यायला नेहमीसारखा वेळ लागला. चारही झाले, असं तो म्हणत होता.

"बरा झाला," दादा म्हणाला. "त्याला माझा रामराम सांग." आणि मग, स्पीकर चालू आहे हे विसरून, अर्ध्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, "बाय, शब्द पुरा झाला. आता ये घरी."